फायर डोअर: अकरा महिने, तीन क्लोजर आणि एक वीट

दरवाजा चांगला आहे, क्लोजरने, म्हणजे दार आपोआप मिटवणाऱ्या तेलाच्या यंत्राने, जीव खाल्ला. एवढंच हवं असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

आमचं खाली टॉवेल-चादरीचं गोडाऊन, वर घर. १८ मे २०२५ ला सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. त्यात तिथेच राहणारं मालकाचं कुटुंबही होतं. दुसऱ्या दिवशी आईने जिन्याकडे बघत विचारलं, "आपलं काय रे?" आमच्या जिन्याला रस्त्यावर उतरायची वेगळी वाट आहे, पण गोडाऊनचं दारही त्याच जिन्यात उघडतं, आणि ते दार प्लायवूडचं होतं.

ऑगस्टमध्ये स्टीलचा, १२० मिनिटं आग अडवणारा फायर डोअर बसवला. सगळं धरून ३१ हजार. चौघांनी मिळून उचलला. चौकटीमागच्या फटीत फोम न मारता सिमेंट भरलं, त्याबद्दल फिटरला पैकीच्या पैकी.

आता क्लोजर. डिसेंबरात दार इतकं निवांत लागायचं की मागून मांजर आत येऊन बसायचं. उन्हाळ्यात गोडाऊनची भट्टी झाली, आतलं तेल पातळ झालं आणि तेच दार धाडकन आपटायला लागलं. दुपारी आईचा डोळा लागला की धाड! क्लोजरला दोन स्क्रू असतात: एकाने दाराचा वेग ठरतो, दुसऱ्याने शेवटचं वीतभर अंतर. मी युट्यूब बघून स्क्रूड्रायव्हर घेतला. कुठला किती फिरवला देव जाणे, सकाळी दारावरून तेलाचा ओघळ.

कंपनी म्हणाली, स्क्रू तुम्ही फिरवलाय, वॉरंटी गेली. नवा क्लोजर ४,२०० आणि पुण्याहून माणूस यायचे वेगळे. अहो, फिरवायचा नव्हता तर स्क्रू दिला कशाला? तीन आठवडे फोनवर भांडलो. शेवटी हट्टाने मधल्या मारुतीजवळून १,१५० चा आणून स्वतः लावला. वाचले तीन हजार.

वाचले कसले. क्लोजरला दाराच्या वजन-रुंदीप्रमाणे नंबर असतो. मी आणलेला ३ चा, आमच्या दाराला हवा ५ चा. दार वीतभर उघडं राहायला लागलं. फायर ऑडिटच्या बी फॉर्मची (आगीची यंत्रणा चालू असल्याच्या दाखल्याची) कामं करणारा एक मित्र बघून हसला. म्हणाला, "भट्टीत टेस्ट होते ती चौकट, बिजागऱ्या, क्लोजर, पट्टी अशा सगळ्या सेटची. तू एक वस्तू बदललीस, आता ते सर्टिफिकेट फ्रेम करून लाव." गुपचूप ४,२०० भरले.

इथवर लिहून तीन स्टार ठरवले होते. मग एका गुरुवारी बायकोने गोडाऊनमध्ये ऊद घातला. दार नीट लागलेलं, तरी वर स्वयंपाकघरात उदाचा वास. खाली वाकून बघतो तर दाराखाली बोट जाईल एवढी फट. फिटरने कोटा फरशी येणार म्हणून जागा सोडली होती आणि मी पैसे वाचवायला फरशी घातलीच नाही. म्हणजे दोन तास आग अडवणारं दार, आणि धूर पहिल्या मिनिटाला घरात. आगीत माणूस बहुतेकदा जळण्याआधी धुराने गुदमरतो, हे मला तेव्हा कळलं. कंपनीला विचारून खाली ड्रॉप सील लावून घेतलं, २,६०० गेले. दार मिटलं की रबराची पट्टी आपोआप खाली बसते. पुढच्या गुरुवारी वास आला नाही. त्या पट्टीला पाच स्टार. पेंटरने चौकटीतल्या, साधारण २०० अंशांना फुगून फट बुजवणाऱ्या पट्टीवरही ऑइल पेंट फासला होता. तीही नवी घालून घेतली.

घेणार असाल तर सेल्समनला १२० कशाचे ते विचारा. आमचं दार १२० मिनिटं ज्वाळा अडवेल, पण आपल्या बाजूचा पत्रा जास्त तापणार नाही याची खात्री कागदावर ३० मिनिटांचीच आहे. जिन्यातून खाली पळायला मला ती पुरे, पण दाराला टेकून कपडे वाळत घालणार असाल तर नाही. दुकान किंवा हॉलच्या बाहेर पडायच्या दाराला कुलूप-कडी नको, ढकललं की उघडणारा पॅनिक बार हवा, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. फ्लॅटवाल्यांनी लाकडी फायर डोअर बघावेत, दिसायला बरे असतात.

राहिली वीट. माल चढवताना दार सारखं मिटतं म्हणून हमाल त्याला वीट लावून ठेवायचे आणि संध्याकाळी तशीच विसरून जायचे. आईने ती उचलून तुळशीपाशी नेली. आता ते टॉवेलचा गठ्ठा लावतात. स्मोक डिटेक्टरला जोडायचं मॅग्नेट मिळतं, ते दार धरून ठेवतं आणि धूर आला किंवा लाइट गेली की सोडतं. त्याचं कोटेशन आलंय, ९ हजार. आमच्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते ते आधी मोजतोय.