हायकिंग बेंच, हिवाळाभर वापरल्यावर: सगळं ठीक, बकल सोडून

हायकिंग म्हणजे शिडाच्या बोटीत पाय पट्ट्यात अडकवून धड बाहेर लटकवणं, आणि हायकिंग बेंच म्हणजे त्याचा घरी सराव करायचा बाक. बेंचची मापं, घडीची सोय, किती वजन पेलतो हे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते इथे परत देत नाही. मला लिहायचंय ते पाय अडकवायच्या पट्ट्याच्या बकलबद्दल. तळहातात मावेल एवढं प्लास्टिकचं बकल, पण ते धड नसेल तर बाकी बेंच कितीही मजबूत असला तरी काही उपयोग नाही, हे माझं ठाम मत झालंय.

मी आयएलसीए ६ चालवते, म्हणजे पूर्वीची लेझर रेडिअल, एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट. ५.७६ चौरस मीटरचं शीड आणि जेमतेम ५९ किलोचं हल, म्हणजे बोटीचा सांगाडा. वारा पंधरा नॉटच्या वर गेला की बोट सपाट ठेवायला आपलं शरीर सोडून दुसरं काहीच नसतं. पाय पट्ट्यात, मांड्या डेकच्या कडेवर आणि धड बाहेर. शर्यत पाऊण-एक तास चालते, त्यातला वाऱ्याकडे चढायचा प्रत्येक टप्पा मांड्यांच्या पुढच्या स्नायूंवर जातो. स्नायू आखडलेलाच राहतो, रक्त नीट फिरत नाही, म्हणून ती जळजळ. धावून किंवा सायकल चालवून दम वाढतो, पण एकाच स्थितीत ताण धरून ठेवायची ताकद त्यातून फारशी येत नाही. ती बाहेर लटकूनच येते. बोट झाकून ठेवलेली असताना लटकायचं कुठे, तर बेंचवर. म्हणून घेतला.

सुरुवातीला खूश होते. चौकट डगमगत नाही, कडेचा गोलवा बोटीच्या डेकच्या बराच जवळचा आहे, मांडीला काचत नाही. एक मिनिट लटकायचं, थोडी विश्रांती, पुन्हा एक मिनिट. हळूहळू वेळ वाढवायचा आणि वहीत लिहायचा. तेव्हाच हा अनुभव लिहिला असता तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

मग वहीतले आकडे अडले. पहिला सेट छान आणि चौथा-पाचवा भयंकर, रोज तसंच. थकवा म्हणावं तर विश्रांती वाढवूनही फरक पडेना. शेवटी बकलला लागून पट्ट्यावर मार्करने एक रेघ मारली आणि नेहमीचा व्यायाम केला. संपेपर्यंत रेघ बकलपासून बोटभर लांब गेली होती. प्रत्येक सेटला पट्टा थोडा थोडा सरकत होता.

बोटभराने काय होतं, असं विक्रेत्यानेही मला विचारलं. खूप होतं. पट्टा घट्ट असला की तुम्ही सरळ बसता आणि मांडीवर भार कमी येतो. सैल झाला की बूड बाहेर आणि खाली जातं आणि तेवढ्याच वजनासाठी मांडीला जास्त ओढ बसते. सत्तर किलोच्या माणसाचा गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटर बाहेर गेला तर बोट सपाट ठेवणारं बळ सात किलो-मीटरने वाढतं. बोटीवर हे हवंच असतं. पण व्यायामात तुमच्या नकळत झालं तर आज दमले म्हणून हरले की पट्टा सरकला म्हणून, हे कळायला मार्ग उरत नाही. शिवाय गुडघ्याचा कोन बदलतो आणि वाटीच्या मागे दुखायला लागतं. त्या दुखण्याने हंगामच्या हंगाम घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

दोष कुठे आहे तेही सांगते. हे बकल पट्ट्याला दोन-तीन वळणं देऊन फक्त घर्षणावर धरतं. स्थिर वजनाला ते पुरतं. पण ताण दे, सोड, परत दे असं होत राहिलं की गुळगुळीत नायलॉनचा पट्टा दरवेळी किंचित पुढे सरकतो. त्यात नायलॉन ताणाखाली लांबतो, ओला झाल्यावर आणखी. बेंच करणाऱ्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. थोडे पैसे वाचवायला हे बकल लावलंय, आणि ते वाचवलेत नेमके तिथे, जिथे पूर्ण शरीराचा भार येतो.

विक्रेत्याशी पत्रव्यवहार लांबला. आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ. मार्करच्या रेघेचा व्हिडिओ पाठवला, तर उत्तर आलं की पट्टा 'वापरानुसार सैल होऊ शकतो'. जोर लावल्यावर नवीन बकल आलं, तेही जुन्यासारखंच! मग म्हणाले, पूर्ण बेंच परत पाठवा, वाहतूक खर्च तुमचा. एवढा जड बेंच स्वतःच्या खर्चाने पाठवायचा आणि त्याच बकलचा दुसरा घ्यायचा? तिथे मी पत्रव्यवहार थांबवला.

उपाय बोटीतच होता. आयएलसीएमध्ये पट्ट्याचं मागचं टोक दोरीने बांधलेलं असतं आणि लांबी त्या दोरीने ठरते. बकल काढून टाकलं, पट्ट्याचं टोक दुमडून जाड दोऱ्याने शिवलं आणि जुन्या पॉलिएस्टर दोरीने ते चौकटीला बांधलं. डायनिमा (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी) वापरणार असाल तर साध्या गाठी नकोत. तो गुळगुळीत असतो, बोलाइनची पक्की समजली जाणारी गाठही त्यात सरकते, स्प्लाइस करा, म्हणजे टोक दोरीतच गुंफा. माझ्याकडे जुन्या मेनशीटचा (शीड ओढायच्या दोरीचा) तुकडा पडून होता, म्हणून खर्च काहीच आला नाही. रेघ आता जागची हलत नाही.

त्यानंतर बेंचबद्दलचं माझं मत परत बदललं. आकडे खरे यायला लागले आणि चढायलाही लागले. पावलं सरळ किंवा किंचित आत, गुडघे बाहेर फाकू द्यायचे नाहीत, मान सैल, नजर समोर. आणि फक्त मांडीचा पुढचा भाग वाढवत बसू नका. मागचे स्नायू आणि नितंब यांचा व्यायाम जोडीने हवाच, नाहीतर गुडघा आणि कंबर तक्रार करतात.

खरा आनंद मात्र अनपेक्षित ठिकाणी मिळाला. जुनी टिलर एक्स्टेन्शन (सुकाणूच्या दांड्याला जोडलेली लांब काठी) तिच्या सांध्यासकट एका फळीवर बसवली आणि फळी बेंचच्या उजव्या बाजूला ठेवली. जमिनीवर रॅचेट ब्लॉक (दोरी एकाच दिशेला सहज फिरू देणारी कप्पी), त्यातून शीट, म्हणजे शिडाची दोरी, ओढ लागावी म्हणून तिच्या टोकाला शॉक कॉर्ड (रबरी दोरी). टॅकनंतरचा, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवल्यानंतरचा हातबदल यावर घोटून घेता येतो. नव्या बाजूला बसलात तरी डावा हात पाठीमागून टिलर धरूनच असतो. शीट धरलेला उजवा हात मागे नेऊन एक्स्टेन्शन पकडायची, मग डावा सोडून पुढे आणायचा आणि शीट त्यात घ्यायची. मधे टिलर हलता कामा नये. मग फळी डावीकडे आणि सगळं उलट. बोटीवर हे करताना लाट, वारा, शेजारची बोट, सगळं एकदम अंगावर येतं आणि नजर हाताकडे जाते. इथे डोळे मिटून करत राहिले. हंगामाच्या पहिल्याच दिवशी टॅक झाल्या झाल्या माझी नजर टेलटेल्सवर (शिडावरच्या, वारा दाखवणाऱ्या दोऱ्यांवर) होती, हातांकडे वळलीच नाही. इतकी वर्षं चालवून जे जमलं नव्हतं ते बंद खोलीत जमलं!

बेंचवर लाट नाही, त्यामुळे लाटेवर धड पुढे-मागे नेण्याचा अंदाज येत नाही. रोल टॅकचा, म्हणजे शरीराने बोट कलवून घ्यायच्या टॅकचा, तर प्रश्नच नाही. मांड्या टिकतात, पण पहिल्या दिवशी कंबर आणि पोट दुखलंच, कारण बोट सतत हलते आणि बेंच हलत नाही. विश्रांतीच्या वेळात मी शिडाच्या शर्यतींची २०२५-२०२८ ची नियमपुस्तिका उघडून ठेवायचे. खुणेजवळचा (वळायच्या बोयाजवळचा) नियम १८ आणि तिच्याभोवतीचा तीन हललांबीचा झोन हे श्वास लागलेला असताना वाचलं की चांगलं डोक्यात बसतं, निदान माझ्या तरी.

घ्यावा का? ज्यांना बोटीपासून काही महिने दूर राहावं लागतं त्यांनी नक्की घ्यावा. दोरीने लांबी ठरणारा पट्टा असलेला मिळत असेल तर तोच घ्या, थोडा महाग असला तरी. बकलवालाच मिळाला तर परत करायची मुदत संपायच्या आत मार्करची रेघ मारून पाच-सहा सेट करा, आणि रेघ सरकली तर त्याच दिवशी लेखी कळवा.