डावीकडे डिसेंबर, उजवीकडे मे: जुन्या मर्सिडीजच्या एसी-हीटरचे नऊ महिने

गाडी १९९५ची मर्सिडीज ई २२०, कंपनीच्या भाषेत डब्ल्यू १२४. मर्सिडीजने पुण्यात गाड्या जोडायला सुरुवात केली त्याच वर्षीची. एका वर्षी द्राक्षाला भाव चांगला लागला, तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती सेकंडहँड घेतली. आता चालवते मी. नाशिक-निफाड आठवड्यातून दोनदा तरी होतं.

गेल्या एप्रिलमध्ये दुखणं सुरू झालं. एसी लावला की डाव्या जाळीतून गार हवा आणि उजवीकडे, माझ्या अंगावर, इस्त्रीच्या दुकानासारखी वाफ. अप्पा शाल मागायचे आणि माझी ओढणी घामाने भिजलेली. ज्या गॅरेजला दाखवलं तिथे एकच उत्तर: "ताई, गॅस कमी झालाय." भरला. तीन आठवड्यांनी परत तेच. परत भरला.

दुसऱ्यांदा पैसे मोजून घरी येताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला डोक्यात आलं, की गॅस कमी असता तर दोन्ही बाजू कोमट झाल्या असत्या. कूलिंग कॉइल दोन्ही बाजूंना एकच आहे. अप्पांना थंडी वाजतेय याचा अर्थ एसी ठणठणीत आहे. माझ्या बाजूला कुठून तरी गरम येऊन मिसळतंय.

या गाडीत गार झालेली हवा पुढे हीटरवरून जाते. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, त्यात इंजिनचं गरम पाणी फिरतं. त्याचे डावे-उजवे दोन भाग, आणि प्रत्येकाचं पाणी अडवायला एक-एक विजेचा व्हॉल्व्ह. दोन्ही एकाच जोड-व्हॉल्व्हमध्ये. डॅशबोर्डवरची निळ्या-लाल खुणांची दोन चक्रं त्यांनाच हुकूम देतात. खरी गंमत पुढे आहे. वीज मिळाली की व्हॉल्व्ह बंद होतो, वीज गेली की उघडतो. म्हणजे वायर तुटो, व्हॉल्व्हची कॉइल जळो नाहीतर आतला दट्ट्या उघड्या जागी अडको, गाडी गरमच हवा देणार. जिथे बर्फात काच गोठते तिथे हेच शहाणपणाचं. आपल्याकडे चाळिशीच्या उन्हात मात्र ड्रायव्हर शिजतो.

तपासायला पंधरा मिनिटं पुरली. इंजिन थंड, चावी ऑन, दोन्ही चक्रं निळ्याच्या टोकाला. बॉनेटखाली व्हॉल्व्हवर बोट ठेवलं आणि नवऱ्याला एकेक चक्र लालकडे नेऊन परत आणायला सांगितलं. डावीकडे बोटाला बारीक "टक" लागलं. उजवीकडे काहीच नाही. पिन काढून मल्टिमीटर लावला तर दोन्हीकडे बारा व्होल्ट बरोबर येत होते. म्हणजे वायरिंग आणि पॅनल निर्दोष, व्हॉल्व्हच अडकलेला. (एका मेकॅनिकने आख्खं कंट्रोल पॅनल बदलायला सांगितलं होतं. त्याची किंमत ऐकून आम्ही चहाही न पिता उठलो होतो.)

दुसऱ्या एका मेकॅनिकमामांनी व्हॉल्व्ह उघडला. दट्ट्यावर पांढरा थर, गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच. आधीचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत होता. कोमट पाण्यात लिंबूसत टाकून दट्ट्या रात्रभर बुडवला, सकाळी पितळ चमकत होतं. लावला, आणि उजवीकडेही डिसेंबर आला.

सहा आठवडे टिकलं. मग कसारा घाटात, पहिल्याच मोठ्या पावसात, परत वाफ. चूक आमचीच. व्हॉल्व्ह साफ केला, पण इंजिनातला आणि हीटरमधला क्षार तसाच ठेवला, तो सुटून परत तिथेच येऊन बसला. यावेळी सगळी सिस्टिम तीनदा फ्लश केली, व्हॉल्व्ह नवाच टाकला, आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. कोणाला हे काम करायचं असेल तर क्रम हाच ठेवा: आधी फ्लश, मग व्हॉल्व्ह. आणि इंजिन गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका.

तेव्हापासून चक्राला हात लावावा आणि हवा बदलावी, असं चाललंय. पावसाळ्यात याचा खरा उपयोग कळला. घाटात काचेवर वाफ धरली की एसी चालू ठेवायचा आणि दोन्ही चक्रं लालकडे न्यायची. एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर तीच हवा गरम करतो, आणि काच बघता बघता स्वच्छ होते. पूर्वी मी फडकं घेऊन बसायचे.

या जानेवारीत निफाडला पहाटे बागेत शेकोट्या पेटल्या होत्या, त्या थंडीतही हीटर दोन्ही बाजूंना सारखा लागला. इंजिन तापेपर्यंत मात्र धीर धरावा लागतो.

तक्रारी आहेतच. द्वारका चौकात गाडी दहा मिनिटं उभी राहिली की गारवा उतरतो. आयडलला कॉम्प्रेसरही हळूच फिरतो, त्याला इलाज नाही. ब्लोअरचे, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याचे, कार्बन ब्रश झिजलेत, सुरू होताना तो चिरचिर करतो. तो वायपरच्या खाली बसवलेला असल्यामुळे ब्रश बदलायचे तर या गाडीचा तो एकुलता एक मोठा वायपर यंत्रणेसकट काढावा लागतो. मामा म्हणाले, "पाऊस सुरू व्हायच्या आत आणा, नंतर वायपर काढलेली गाडी घेऊन कुठे फिरणार?" मे महिन्याची तारीख घेऊन ठेवली आहे.