अंगणात एकच झाड लावायचंय: जांभूळ की ताम्हण?

भाच्याने चिपळूणजवळ घर बांधलं. पुढे मोठ्या झाडाला जागा एकच. मनात जांभूळ आणि ताम्हण, दोन्ही. त्याने मला फोन केला, कारण मी या दोघांबरोबर राहिलोय. जांभूळ गावच्या घरी, आजोबांनी लावलेलं. ताम्हण मी स्वतः लावलं, त्याला आता १४ वर्षं झाली. हातात मोजपट्टी घेऊन काही केलेलं नाही, डोळ्यांदेखत जे घडलं तेवढंच सांगतो.

गंमत म्हणजे ही लांबची भावंडं. वनस्पतिशास्त्रातल्या मिर्टेलीज या गणात दोघेही येतात. एकूण ९ कुळं, जाती १३ हजारांच्या आसपास. जांभळाच्या घरात, म्हणजे कुळात, पेरू, लवंग, निलगिरी. ताम्हणाच्या घरात डाळिंब, मेंदी, धायटी, शिंगाडा. हिरडा, बेहडा, ऐन, अर्जुन हे तिसरं घर. एरवीच्या झाडांत अन्नरस नेणाऱ्या नळ्या लाकडाच्या बाहेर, सालीच्या अंगाला असतात. या गणात त्या आतल्या अंगालाही असतात. ते बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, पण घरगुती खुणाही आहेत. ताम्हणाची आणि डाळिंबाची पाकळी शेजारी ठेवा, दोन्ही पेटीच्या तळातून काढलेल्या साडीसारख्या चुरगळलेल्या. जांभळाचं पान चुरडा, तोच तेलाचा उग्रपणा पेरूच्या पानात सापडेल.

स्वभाव मात्र वेगळे. जांभूळ सदाहरित. भर मार्चमध्ये दुपारी दोनला त्याच्याखाली खाट टाकता येते. ताम्हण थंडीत पानं तांबूस करतं आणि झाडून टाकतं. नेमकी सावली हवी तेव्हा माझ्या अंगणात फेब्रुवारी-मार्चला नुसता सांगाडा असतो, त्यावर गेल्या वर्षीची काळी बोंडं. बायको त्याला ‘जळकं झाड’ म्हणते, आणि त्या दोन महिन्यांत मला तिच्याशी वाद घालता येत नाही.

मधमाश्यांचा विचार असेल तर जांभूळ बिनतोड. फूल एवढंसं, पाकळ्या टोपीसारख्या एकत्र गळून पडतात, उरतो केसरांचा झुबका आणि मध. मोहोरात झाड अक्षरशः गुणगुणतं. ताम्हणाच्या फुलात मध नसतो, पराग तेवढा मिळतो. भुंगे येतात, पण मेजवानी म्हणावी तशी नाही. पाखरांचं तेच. जांभळाची अख्खी प्रजात, म्हणजे त्याच्या जवळच्या सगळ्या जातींचा गट, गरदार फळं खाऊ घालून पसरली. उगम ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा, तिथून पश्चिमेला आपल्याकडे आणि पुढे आफ्रिकेपर्यंत. आज जाती १२००च्या घरात, वृक्षांमधली सर्वांत मोठी प्रजात. आपल्या महाबळेश्वरचं जंगल ज्या जांभूळ, अंजनी आणि पिसा यांच्या नावाने ओळखतात, त्यातले पहिले दोन याच गणातले. ताम्हण कुणाला काही खाऊ घालत नाही. बोंड वाळून उकलतं, पंखवाली बी वाऱ्यावर जाते.

घराणं जुनं कुणाचं, असं विचाराल तर ताम्हणवाल्यांना थोडी मिरवायला जागा आहे. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान इथे, दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये दगड झालेली फळं सापडली. बिरबल साहनी यांनी १९४३मध्ये त्यांचं ‘एनिग्मोकार्पन’ असं बारसं केलं, आणि ती ताम्हण-मेंदीच्या कुळाजवळची मानतात. वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. राज्यफूल ताम्हण आणि २०२०पासूनचं राज्य कांदळवन वृक्ष पांढरी चिप्पी, हे दोघेही त्याच कुळातले. अर्थात, या मोठेपणाने अंगणात सावली पडत नाही.

इथवर वाचून तुम्ही जांभळाचा खड्डा खणायला घेतला असेल. जरा थांबा.

जांभळांचा सडा, जांभळी फरशी, माश्या, वाळत घातलेल्या धोतरावरचे डाग, हे सगळे सांगतात. त्याची सवय होते. मला नकोशी झाली ती फांदी. जांभळाची फांदी ठिसूळ, आणि ती आधी सांगत नाही. आंब्याची करकरते, वाकते, उतरायला वेळ देते. जांभळाची कडकन जाते. त्यात घोस लागतात ते बाहेरच्या बारीक फांद्यांवर. चुलतभाऊ आठवीत असताना असाच खाली आला, मनगट मोडलं. तेव्हापासून दर जूनमध्ये तीन आठवडे घरातलं कुणीतरी दुपारी ओटीवर पहाऱ्याला. आधी आजोबा, मग वडील, मग मी. गावातली पोरं, रस्त्याने जाणारे, एकदा तर साठीचे गृहस्थ वर चढलेले. “उतरा हो, फांदी कच्ची आहे,” हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ओरडलो असेन! दुपारची झोप गेली ते एक, पण खाली उभं राहून वर बघताना पोटात जो गोळा येतो, तो मला माझ्या अंगणात नको होता.

पालघरकडच्या बहाडोली गावच्या जांभूळ वाणाचं कलम लावून, छाटून झाड बुटकं ठेवलं तर हा प्रश्न बराच सुटेल, हे मान्य. शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी जागा असेल तर मीही जांभूळच लावा म्हणेन. पण रस्त्यालगतचं अंगण, घरात लहान मुलं, आणि दुपारी राखणीला कुणी नाही, अशी स्थिती असेल तर माझा कल तुम्हाला कळला असेल. ताम्हणावर कुणी चढत नाही. मे महिन्यात मात्र लोक फाटकाशी थांबून वर बघतात, आणि मला ओरडावं लागत नाही.

रोप घेताना एक बघा. ताम्हण म्हणून त्याच्याच एका परदेशी भावंडाचं रोप सर्रास गळ्यात मारतात. त्याची फुलं गुलाबी उमलून पांढरी पडतात. शक्यतो मे महिन्यात जा, मूळ झाडाचं फूल दाखवायला सांगा. भाच्याला तेच सांगितलंय. जांभळं खायला त्याने जूनमध्ये गावी यावं, राखणीलाही एक माणूस हवाच आहे.