दस्त्यात मावणारी रायफल : हेन्री एआर-७

एआर-७ घ्यावी का, असं ओळखीतलं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकते. रायफल गाडीत घालून रेंजवर न्यायची आहे, की पाठीवर घेऊन रानात? नुसती रेंजवर न्यायची असेल तर हिच्यापेक्षा चांगल्या पॉइंट टू-टू (०.२२ इंच व्यासाच्या छोट्या गोळीच्या) रायफली अमेरिकेत कुठल्याही दुकानात मिळतात. पाठीवर न्यायची असेल तर मात्र हिच्याइतकी सुटसुटीत दुसरी मी हाताळलेली नाही. मी ॲरिझोनात फ्लॅगस्टाफच्या आसपासच्या जंगलात पायी भटकते, मागे मातीचा उंच उतार असलेली मोकळी जागा दिसली की तासभर नेमबाजी करते आणि पुढे निघते. त्या भटकंतीसाठी ही घेतली आणि त्याच मापाने तिच्याबद्दल लिहिते आहे.

हिची सगळी करामत दस्त्यात आहे. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग, आतून पोकळ. मागचं झाकण ओढून काढलं की नळी, रिसीव्हर (गोळी झाडायची यंत्रणा असलेला भाग) आणि मॅगझिन (काडतुसांची डबी) आपापल्या खाचेत बसलेली दिसतात. रिसीव्हर दस्त्याच्या पुढच्या टोकाला लावायचा आणि मुठीच्या तळाशी असलेला स्क्रू बोटांनी पिळायचा. मग नळीवरचा उंचवटा रिसीव्हरच्या खाचेशी जुळवून नळी आत सरकवायची, तिच्यावरचं जाड नट हातानेच आवळायचं, मॅगझिन चढवायचं. पाना लागत नाही, स्क्रूड्रायव्हर लागत नाही. जोडल्यावर लांबी ३५ इंच, सुटी करून दस्त्यात भरली की साडेसोळा. वजन साडेतीन पौंड, म्हणजे दीड किलोच्या जरासं वर. सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीशेजारी उभी राहते आणि चालताना तिचा त्रास होत नाही.

ही रचना नवीन नाही. १९५० च्या दशकात अमेरिकन हवाई दलाला विमान पाडलं गेलेल्या किंवा कोसळलेल्या वैमानिकांसाठी छोटी रायफल हवी होती. आर्मलाइट कंपनीने एआर-५ नावाची बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीनंतर बोल्ट (काडतुसामागचा सरकता तुकडा) हाताने मागे-पुढे करायची, रायफल बनवली, पॉइंट टू-टू हॉर्नेट काडतुसाची. हवाई दलाने तिला एमए-१ हे नाव देऊन मान्यताही दिली, पण कोठारांत आधीच्या सर्व्हायव्हल (संकटात तग धरण्यासाठीच्या) बंदुका पुष्कळ पडून होत्या, त्यामुळे मोठी खरेदी झाली नाही. मग युजीन स्टोनर यांनी तोच पोकळ, पाण्यावर तरंगणारा दस्ता घेऊन साध्या पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसाची सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर वेळी चाप ओढला की एक गोळी सोडून पुढचं काडतूस स्वतःच भरणारी, रायफल बांधली. ती १९५९ साली सामान्य गिऱ्हाइकांसाठी बाजारात आली. एआर-१५ या प्रसिद्ध अमेरिकन रायफलीच्या मागे ज्यांचं डोकं होतं तेच हे स्टोनर. पुढे ही रायफल चार्टर आर्म्स कंपनीकडे गेली, आणखी एक-दोन हात फिरली आणि आता हेन्री ती बनवते. आर्मलाइटच्या नळीत ॲल्युमिनियमच्या आत पोलादी अस्तर होतं. हेन्रीची नळी पोलादी आहे, वरून प्लास्टिकचं आवरण. दवात, पावसात नळीच्या बाहेरच्या बाजूला गंज धरत नाही, हा रानात फिरणाऱ्याला मोठाच फायदा.

हे सगळं सांगायचं कारण असं, की हिचे जे गुण-दोष म्हणून लोक मोजतात ते जवळजवळ सगळे त्या एका दस्त्यातून आलेले आहेत. रिसीव्हर आणि नळी पोटात घ्यायची म्हटल्यावर दस्ता जाड होणारच. मूठही जाड. माझा पंजा लहान आहे, त्यामुळे चापावर बोट नीट टेकवायला मला मनगट थोडं वळवावं लागतं. गालाला टेकणारा भाग रुंद असल्यामुळे डोळा नेम धरायच्या मागच्या छिद्रासमोर आणायला सराव लागतो. पुढे डावा हात धरायला लाकडाचा वा प्लास्टिकचा भाग नाही, म्हणून मी हात रिसीव्हरखाली, मॅगझिनच्या पुढ्यात टेकवते. शाळेत एनसीसीत असताना आम्हाला पोटावर झोपवून पॉइंट टू-टूनेच गोळीबार शिकवला होता. ती लाकडी रायफल जड होती आणि तो जडपणाच तिला स्थिर ठेवायचा. ही इतकी हलकी आहे की श्वासाबरोबर नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी वर-खाली होताना दिसते. श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि चाप सावकाश मागे घ्यायचा, हा तेव्हाचा धडा हिच्यावर जितका उपयोगी पडतो तितका जड रायफलीवर पडत नाही.

नेमाचं म्हणाल तर २५ यार्डांवर माझ्या गोळ्या चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या गोलात बसतात. ५० यार्डांवर तो गोल सैल होतो. कागदावरचं एकच भोक मोठं करत बसण्यात ज्यांना आनंद आहे त्यांचं यात समाधान होणार नाही. लोखंडी गोल पाडणं किंवा ठरवलेल्या छोट्या निशाण्यावर चालत जाऊन उभ्याने नेम धरणं, यात मात्र ती मजा देते. पुढची माशी नारिंगी आहे आणि पाइनच्या सावलीतही चटकन डोळ्यात भरते. रिसीव्हरवर दुर्बीण बसवायची खाच आहे. पण दुर्बीण लावली की रिसीव्हर दस्त्यात जात नाही. मग ही रायफल घ्यायचीच कशाला? मी दुर्बीण लावलेली नाही आणि लावणारही नाही.

काडतुसांबद्दल सविस्तर लिहिते, कारण हिच्याविषयीच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं. ही ब्लोबॅक पद्धतीची रायफल आहे. बोल्टला कुठलंही कुलूप नाही, तो स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगांच्या जोरावर जागेवर असतो. गोळी सुटली की काडतुसाच्या धक्क्यानेच तो मागे जातो, रिकामी केस (काडतुसाचं पितळी टरफल) बाहेर फेकतो आणि पुढे येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत ढकलतो. धक्का कमी पडला तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि केस अडकते. म्हणून मंद गतीची, आवाज कमी करणारी काडतुसं हिला चालत नाहीत. गोळीचं टोक सपाट किंवा पोकळ असेल तर ते आत शिरताना कडेला अडखळू शकतं. ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), गोल टोकाची, हाय व्हेलॉसिटी म्हणजे वेगवान काडतुसं घ्यावीत. मी सीसीआय कंपनीची मिनी-मॅग वापरते. तिच्या गोळीचा वेग सेकंदाला सव्वाबाराशे फुटांच्या पुढे आहे. मोठ्या खोक्यात सुटी भरून मिळणारी स्वस्त काडतुसं तुमच्या रायफलीत चालतात का, हे रेंजवर पाहावं, रानात नाही. आणि नळीचं नट! गोळ्या झाडताना ते हळूहळू सैल होतं आणि त्याबरोबर निशाणा सरकतो. प्रत्येक मॅगझिन बदलताना नटाला एक पीळ द्यायची सवय मी लावून घेतली आहे.

मॅगझिनमध्ये आठ काडतुसं बसतात. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट मागे अडून राहत नाही, तो मिटतो. त्यामुळे रायफल रिकामी आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. मॅगझिन काढायचं, बोल्ट ओढून आत डोळ्यांनी पाहायचं, मगच ती खाली ठेवायची. रिकामी रायफल उगाच चाप ओढून पाहू नये, कारण रिमफायरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या कडेवर ठोका देणाऱ्या अशा रायफलीत, फायरिंग पिन (ठोका देणारी सुई) थेट चेंबरच्या (काडतूस बसतं त्या पोकळीच्या) कडेवर आदळू शकते. साफसफाई मात्र इतकी सोपी की मला ती आवडते. नळी सुटी होत असल्यामुळे रॉड चेंबरकडून घालता येतो, पुढच्या तोंडाला ओरखडा जात नाही. शिशाची काजळी बोटांना लागते, तेव्हा हात धुतल्याशिवाय खाऊ नये.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक विकत घेणं किंवा जवळ बाळगणं सहसा चालत नाही. इथलं वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते, तशी आणखीही मोजकी सवलत आहे. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. रायफल सुटी करून सॅकमध्ये ठेवली तरी कायद्याच्या दृष्टीने रिसीव्हर म्हणजेच बंदूक, तेव्हा वाहतुकीचे आपल्या राज्याचे नियम वाचा. नॅशनल फॉरेस्टमध्ये (केंद्र सरकारच्या जंगलात) घर, इमारत किंवा कॅम्पच्या जागेपासून १५० यार्डांच्या आत गोळी झाडता येत नाही. उन्हाळ्यात वणव्याचे निर्बंध लागले की नेमबाजीवरही बंदी येऊ शकते. निघण्याआधी त्या जंगलाच्या कार्यालयाला फोन करावा.

दुसरा पर्याय म्हणजे रुगरची १०/२२ टेकडाउन. २०१२ मध्ये आलेली ही रायफल दोन भागांत सुटते, नेमाला अधिक चोख आहे, धरायला अधिक आरामशीर आहे आणि तिचं दहा काडतुसांचं गोल मॅगझिन फार भरवशाचं आहे. पण ती हेन्रीपेक्षा पौंडभराहून जास्त जड, एआर-७ पेक्षा महाग, आणि तिला स्वतंत्र पिशवी लागते. घरात एकच पॉइंट टू-टू ठेवायची असेल तर मी रुगर घ्या म्हणेन. एक रायफल आधीच असेल आणि दुसरी सॅकमध्ये कायम राहावी असं वाटत असेल तर हेन्री. सोबत दोन मॅगझिन येतात. तिसरं तेव्हाच घ्या. एक रिसीव्हरमध्ये लावलेलं आणि दोन दस्त्यात, अशी तिन्ही आत मावतात.