वजनकाटा, भिंग आणि एक खोटा रुपया : आठ महिन्यांनंतर

दिवाळीत तीन वस्तू एकदम मागवल्या : सोनार वापरतात तसलं दहा पटीचं भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशात मावेल असा डिजिटल वजनकाटा आणि मोबाइलला जोडायचा मायक्रोस्कोप. जुनी नाणी ओळखायची तर मायक्रोस्कोप हवाच, अशी माझी ठाम समजूत. आज तो खणात धूळ खातोय आणि साडेचारशे रुपयांचा काटा रोज हाताशी लागतो.

झालं असं की आठवडे बाजारात 1840 सालचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया घेतला. भिंगातून राणीचे केस, कडेचे दाते, सगळं ठीक वाटलं. घरी वजन केलं तर 11.60. कंपनी सरकारचा रुपया तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा. झीज धरली की हिशेब जुळला. चार दिवस खुशीत होतो.

मग पाण्याची परीक्षा केली. आइस्क्रीमचा रिकामा प्लास्टिकचा कप अर्धा पाण्याने भरून काट्यावर ठेवायचा आणि आकडा शून्यावर आणायचा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं धरायचं. काटा जो आकडा दाखवतो तितकं पाणी नाण्याने बाजूला सारलेलं असतं. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागलं की धातूची घनता मिळते. आजोबांच्या ट्रंकेतल्या रुपयाचं वजन 11.58 आणि पाण्यातला आकडा 1.12, म्हणजे 10.34. त्या काळच्या रुपयात चांदी 91.7 टक्के आणि बाकी मुख्यतः तांबं, तेव्हा एवढीच घनता यायला हवी. बाजारातल्या रुपयाचा आकडा 1.35 आला. भागाकार 8.59. चांदीच नाही! वजन जुळावं म्हणून नाणं थोडं जाड केलेलं, तेवढंच. (पैसे परत मागायला गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार?)

काट्याच्या तक्रारी आहेतच. पंखा चालू असेल तर शेवटचा अंक नाचत राहतो. मिनिटभरात काटा आपोआप बंद होतो, आणि नेमका आपण दोरा धरून बसलेलो असतो तेव्हा. क्षमता 200 ग्रॅम, त्यामुळे पाण्याने भरलेला स्टीलचा पेला चालत नाही. तपासायचं वजन सोबत मिळत नाही. मी 2011 सालचं पाच रुपयांचं नाणं ठेवून बघतो, ते 6 ग्रॅमच्या आसपास आलं की पुढे जातो.

शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्याला, मात्र काट्याचा फारसा उपयोग नाही. माझ्याकडच्या सतरा शिवराया 8.70 पासून 11.90 ग्रॅमपर्यंत कुठेही आहेत. तिथे भिंगच लागतं. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून एका बाजूला 'श्री राजा शिव' मधलं जेमतेम 'राजा' उमटलेलं, दुसऱ्या बाजूला 'छत्र' अर्धं आणि 'पति'ची वेलांटी गायब. मोबाइलचा टॉर्च वरून न मारता टेबलाला समांतर धरला की झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात आणि वाचता येतं. याच उजेडात एका नाण्यावर 'छत्र' आणि 'पति' यांच्या मधोमध दोन आडव्या रेघा सापडल्या. ती दुदांडी, म्हणजे महाराजांच्या काळातली नव्हे, नंतरची. भिंगावर तीस पट असं छापलेलं असेल तर घेऊ नका; माझ्या मित्राचं तसलं आहे, कडेला सगळं इंद्रधनुष्य दिसतं.

आणि नाणी घासू नका, ही विनंती. आमच्या काकूंनी देव्हाऱ्यातली शिवराई कौतुकाने चिंचेने लख्ख केली. 'श्री'चा वरचा थर गेला तो गेलाच.

शिशाचं एक सातवाहन नाणं आहे, हत्तीचं. त्याला पाणी दाखवत नाही. अंगावर पांढरी भुकटी धरलीय, बारीक भोकांत हवा राहते आणि घनता भलतीच कमी येते. कोरडं वजन केलं, वहीत लिहिलं, पुन्हा कागदात गुंडाळून ठेवलं आणि साबणाने हात धुतले.