३०० बारचा बीए सेट : सिलिंडरमधली हवा आणि माणसाचा दम

कार्बन कंपोझिट सिलिंडर, ६.८ लिटर, ३०० बार दाब, पॉझिटिव्ह प्रेशर मास्क, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवणारा. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांतून हल्ली याच बीए सेटची (ब्रीदिंग अपरेटस, धुरात श्वासासाठी पाठीवर हवा नेणारा संच) कोटेशनं फिरताना दिसतात. डीलर तो ‘४५ मिनिटांचा सेट’ म्हणून विकतो. आधीच सांगून टाकतो : वस्तू चांगली आहे, ४५ मिनिटं खरी नाहीत.

हिशोब सोपा आहे. ६.८ गुणिले ३०० म्हणजे २,०४० लिटर. पण एवढ्या दाबाला हवा गणितापेक्षा कमी मावते, म्हणून हातात येते साधारण १,८५० लिटर. माणूस मिनिटाला ४० लिटर हवा घेतो असं धरलं की ४५ मिनिटं निघतात. मात्र ४० लिटर हा बऱ्यापैकी चालणाऱ्या माणसाचा आकडा आहे. ६३ मिलिमीटरच्या १५ मीटर होजमध्ये पाणी भरलं की नुसतं पाणीच ४७ किलो होतं. ते ओढत, वाकून, जिना चढणारा गडी मिनिटाला ८० लिटर सहज खातो. मग राहिली २३ मिनिटं. हवा संपत आल्याचा इशारा देणारी सेटची शिट्टी ५५ बारला, पाच इकडे-तिकडे, वाजते. तेव्हा उरलेली पावणेचारशे लिटर हवा परतीची, कामाची नाही. म्हणजे शिट्टीपर्यंत जेमतेम १८ मिनिटं. खरेदी करणाऱ्याने हाच आकडा धरावा.

शिट्टी वाजली की निघायचं, हाही एक गैरसमज. त्या वेळेला दारात असायला हवं. आत जाताना ७० बार खर्च झाले तर परतीला निदान ७० लागणार, आणि वर शिट्टीची शिल्लक हात न लावता राहिली पाहिजे. म्हणून छातीवरचा गेज (दाब दाखवणारा काटा) दर पाच मिनिटांनी बघायचा आणि जोडीतल्या ज्याची हवा आधी संपत येईल त्याच्या आकड्यावर दोघांनी एकत्र फिरायचं. या सेटचा गेज अंधारात चमकतो, धुरात मास्कच्या काचेला टेकवला तर वाचता येतो. ही चांगली बाजू.

वजनाबाबत मात्र स्टीलशी तुलनाच नाही. सहा लिटरच्या स्टील सिलिंडरचा भरलेला सेट १५-१६ किलोंचा, कंपोझिटचा १०-११. कोल्हापुरात हा फरक इतर गावांपेक्षा जास्त जाणवतो. गुजरी, चप्पल लाईन, महाद्वार रोडच्या आतल्या बोळांत बंब थांबतो एकीकडे आणि आग असते भलतीकडे. सेट पाठीवर घालून आधी चालायचं, मग जुन्या वाड्याचा अरुंद जिना, मग काम. अंगावरचा कोट, पँट, बूट, हेल्मेट आठ-दहा किलो धरा. पाच किलो वाचले तर ते थेट श्वासात वाचतात.

इथे तालमीचा एक समज मोडायला हवा. गंगावेश किंवा मोतीबागेत घाम गाळलेला पैलवान हा सेट लीलया उचलेल, पण मोठ्या अंगाला हवाही जास्तच लागते. सिलिंडर पुरवणारं कौशल्य म्हणजे दम राखणं. जिना धावत न चढता एका चालीने चढायचा, श्वास लांब सोडायचा, दर मजल्यावर दोन सेकंद थांबून गेज बघायचा. घाबरलेल्या धडधाकट माणसाची हवा शांत, बारक्या माणसाच्या आधी संपते. म्हणून घेतल्या दिवसापासून सेट घालून सराव हवा. कपाटात सील लावून ठेवलेला सेट ऐनवेळी कुणालाच घालता येत नाही.

घालताना सगळ्यात मोठी चूक खांद्यावर होते. खांद्याचे पट्टे करकचून आवळतात, कमरेचा नुसता अडकवतात. मग सगळं ओझं मानेवर, छाती दबलेली, श्वास उथळ. पट्टे सैल सोडून सेट पाठीवर घ्या, खांद्याचे पट्टे खाली ओढा, कमरेचा पट्टा घट्ट बांधा आणि नंतर खांद्याचे पट्टे थोडे ढिले करा. वजन कमरेच्या हाडावर बसलं पाहिजे. या सेटची बॅकप्लेट, म्हणजे पाठीला टेकणारी पाटी, बांधेसूद आहे, कमरपट्टा रुंद आहे, पण बुटक्या माणसासाठी उंची कमी-जास्त करायची सोय स्वस्त मॉडेलमध्ये नाही. घेण्याआधी आपल्या सर्वांत लहान आणि सर्वांत उंच माणसाला घालून बघा.

मास्क हनुवटीपासून चढवायचा. खालचे पट्टे आधी, मग कानशिलाचे, शेवटी डोक्यावरचा. दोन्ही बाजू एकाच वेळी मागे ओढायच्या. डोकं-मान झाकणारा कापडी हूड त्यानंतर. दाढीबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. रबराच्या कडेखाली केस आले की सील बसत नाही. आत दाब जास्त असल्याने धूर लगेच शिरत नाही हे खरं, पण त्या फटीतून आपलीच हवा अखंड बाहेर पडत राहते आणि १८ मिनिटांची १२ होतात. मिशी आतल्या छोट्या मास्कमध्ये मावत असेल तर चालते. चष्म्याच्या काड्यांचंही दाढीसारखंच. त्यासाठी मास्कच्या आत बसणारी फ्रेम वेगळी मिळते, ती कोटेशनमध्ये मागून घ्या.

ड्यूटी बदलताना करायची तपासणी तीन मिनिटांची आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, दाब वाचा, व्हॉल्व्ह बंद करा आणि एक मिनिट गेजवर नजर ठेवा. काटा १० बारपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे. बहुतेक वेळा सिलिंडरच्या जोडावरचं ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, चिरलेलं किंवा हरवलेलं असतं. मग मास्कला हवा देणाऱ्या डिमांड व्हॉल्व्हमधून हवा हळूहळू सोडा, शिट्टी कोणत्या आकड्याला वाजते ते बघा. एका झटक्यात हवा सोडली तर ही चाचणी फुकट जाते, आणि नेमकं तेच सगळीकडे चालतं. खिशात दोन जादा ओ-रिंग असावीत.

सिलिंडरचा नाजूकपणा लोकांना ठाऊक नसतो. आत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यावर कार्बनचे धागे, वर काचतंतूचा थर. स्टीलला पोचा आला तर दिसतो. कंपोझिटवर धागे तुटलेले असूनही वरून ओरखडा वाटतो. फाउंड्रीच्या फरशीवर फरफटत नेलेला, ॲसिडचे शिंतोडे उडालेला सिलिंडर भरू नका, आधी तपासायला द्या. या सिलिंडरचं आयुष्य साधारण १५ वर्षं धरलेलं असतं, ते संपलं की बाद. लेबलवरची उत्पादनाची आणि हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीची) तारीख खरेदीच्या दिवशीच वाचा. गोदामात चार वर्षं पडलेला माल नवा म्हणून मिळाला तर चार वर्षं तुमचीच गेली.

भरण्याचा विचार आधी करा, नाहीतर सेट शोभेचा. घाईने भरला की सिलिंडर तापतो, गेज ३०० दाखवतो आणि थंड झाल्यावर २७० वर येतो. कॉम्प्रेसरची हवा ओढायची नळी डिझेल इंजिनाच्या धुराजवळ असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट सिलिंडरमध्ये जातो. साधा कोळशाचा फिल्टर तो अडवत नाही. इथल्या पावसाळ्यात हवेतली ओल एवढी असते की फिल्टरची कार्ट्रिज पुस्तकात लिहिलेल्या तासांआधीच संपते. आणि हो, आत ऑक्सिजन नसतो, साधी कोरडी हवा असते. गेटवरच्या पाटीवर ‘ऑक्सिजन सेट’ लिहिलेलं आधी पुसा.

एकच सेट घेणं ही ऑडिटची सोय झाली. साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीत किंवा सांडपाण्याच्या खड्ड्यात माणूस पडला तर एकटा बचावकर्ता म्हणजे दुसरा बळी. दोघे आत, दोघे तयारीत बाहेर, म्हणजे चार सेट आणि जादा सिलिंडर. जादा सिलिंडर अशासाठी की बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) ढिगाला तर तासन्‌तास धुमसायची सवयच. गांधीनगरच्या कापड गोदामांतही तेच.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना शहराने पाहिलं. १९१५ ची वास्तू, लाकूडकाम भरपूर. अशा आगीत ज्वाळा खाली बसल्यावर, राख उपसताना मास्क काढायचा मोह होतो. धूर विरळ दिसतो, कार्बन मोनॉक्साइड मात्र तिथेच असतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही फसतो. रक्तात मोनॉक्साइड चढलेला असताना ९८ दाखवतो. डोकं दुखणं, मळमळ सुरू झाली की आकडा न बघता माणसाला ऑक्सिजनवर घ्या आणि सीपीआरला, म्हणजे थोरल्या दवाखान्यात, हलवा. असा एक सिलिंडर संपल्यावर निदान २० मिनिटं कोट उघडा, सावली, पाणी आणि नाडी मोजणं. नाडी उतरत नसेल तर दुसरा सिलिंडर द्यायचा नाही, तो कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी.

उणिवा दोन. हालचाल थांबली की आपोआप ओरडणारा अलार्म मूळ किमतीत येत नाही, तो घ्याच. दुसरी, मास्कमधून वॉकीटॉकीवर बोललेलं बाहेरच्याला कळत नाही, म्हणून दोरीच्या ओढींच्या खुणा आधी ठरवून ठेवाव्या लागतात. बचाव करायच्या माणसासाठी दुसरी नळी जोडायचं तोंड मात्र या मॉडेलला आहे. त्यासोबतचा, त्या माणसाच्या डोक्यावर घालायचा हूड मागितल्याशिवाय डीलर देत नाही.