लाल कोब्याचं घर आणि कुत्र्याची नखं

गोव्यात बार्देश तालुक्यातली बरीच जुनी घरं आता न्याहारीसह मुक्कामासाठी मिळतात, आणि त्यातली काही ‘कुत्र्यालाही आणा’ असं सांगतात. हळदोणे गावाकडचं हे त्यातलंच एक. नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा अशा कुठल्याही घराला लागू पडतात.

डागडुजी मन लावून केलेली आहे. चिऱ्याच्या भिंतींना चुन्याचाच गिलावा ठेवलाय. चिरा पाणी पितो आणि चुन्यातून ती ओल हळूहळू उडून जाते. वर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट चढवला की ती आत कोंडते आणि पापुद्रे सुटू लागतात. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, मंगळुरी कौलं, मधलं राजांगण, सगळं जागच्या जागी आहे. माणसांसाठी दहापैकी नऊ गुण.

कुत्र्यासाठी मात्र सहा, आणि गुण कापले गेले ते मुख्यतः जमिनीपायी. लाल कोबा म्हणजे रंगीत सिमेंटची गुळगुळीत जमीन; तो मेण लावून घासतात, तो आरशासारखा चमकतो आणि त्यावर कुत्र्याचे मागचे पाय फाकतात. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डच्या कमरेच्या सांध्यांना आधीच त्रास असेल तर एक घसरगुंडी पुरते. निघण्यापूर्वी नखं कापा, पंजांच्या बोटांमधले केस बारीक करा आणि खाली रबर असलेल्या दोन-तीन चटया सोबत घ्या. घरातल्या सतरंज्या कुत्र्यासकट सरकतात. कोब्यावर शू झाली तर लगेच पुसून साध्या साबणाच्या पाण्याने धुवा. वास जावा म्हणून व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचं ॲसिड वापरलंत तर ॲसिड सिमेंट खातं आणि पांढरट डाग कायमचा राहतो. त्याचे पैसे मालक मागणार, आणि मागितले तर चूक त्यांची नाही.

गोचीड हा दुसरा विषय, आणि त्याबद्दल मुक्कामाची ठिकाणं अवाक्षर काढत नाहीत. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड अंडी अंगावर घालत नाही; ती खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे घालते. जुन्या चिऱ्याच्या घरात भेगांना काय तोटा! इथे खोल्या स्वच्छ आहेत, पण आधीच्या पाहुण्याच्या कुत्र्याने काय मागे सोडलं हे केरसुणीला कळत नाही. डॉक्टरांना विचारून गोचीडनाशक गोळी निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीच द्या. गोळीत फ्लुरालॅनर हे औषध असेल तर असर साधारण बारा आठवडे टिकतो, अफॉक्सोलॅनर असेल तर महिनाभर. परतल्यावर ताप, मलूलपणा, फिकट हिरड्या दिसल्या तर वाट न पाहता गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्या.

कुंपणाची भिंत पुरेशी उंच आहे, विहिरीवर लोखंडी जाळी आहे. पण फाटकाखाली वीतभर फट आहे आणि डॅशहुंड तिथून आरामात निसटेल. बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, तर रस्त्याकडे उघडाच, त्यामुळे तिथे बसताना पट्टा हातात हवा. गावातल्या कुत्र्यांच्या टोळ्या संध्याकाळी हद्द राखतात, म्हणून फेरी सकाळी लवकर उरकलेली बरी.

न्याहारी बाल्कांवातच मिळते: गरम पोई (गोव्याचा पाव), पातळभाजी, अंडी, मागितला तर चोरीस (गोव्याचं मसालेदार सॉसेज). चोरीस कुत्र्याला अजिबात नको, त्यात लसूण, मीठ आणि मिरची भरपूर असते. स्वयंपाकघर कुत्र्यासाठी कोंबडी-भात करून देतं, मात्र आदल्या रात्री सांगावं लागतं, आणि ‘मीठ नको, कांदा-लसूण नको’ हे दोनदा सांगावं लागतं. हात सवयीने मिठाकडे जातोच.

कुत्र्याला खोलीत एकटं ठेवायचं नाही, असा नियम आहे. दारं जुन्या सागाची असल्यामुळे नियम रास्त आहे, पण मग दोघांनी मिळून बाहेर जेवायला जाण्याचा बेत विसरा. सांभाळायला इथे कुणी नाही. वरच्या मजल्यावरची खोली टाळा: जिना उभा आहे आणि शिंपल्यांची तावदानं पंजाच्या उंचीवर येतात. एप्रिल-मेमध्ये वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त पंखा चालतो. पग किंवा शिट्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना ते झेपत नाही. पावसाळ्यात अंगणात भेक आणि साप निघतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम.

मुंबईहून रेल्वेने यायचं तर थिवी स्टेशन सोयीचं. कोकणकन्या आणि मांडवी या दोन्ही गाड्या तिथे थांबतात. डब्यात सोबत कुत्रा नेता येतो तो फक्त एसी फर्स्टमध्ये, तोही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपली असेल तरच. कूपे मिळाला की नाही ते चार्ट लागल्यावर कळतं. सुटण्याआधी पार्सल ऑफिसात लसीकरणाचा दाखला दाखवून कुत्र्याची पावती करावी लागते, त्यासाठी दोन-तीन तास हाताशी ठेवा. म्हणून घराची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कूपे न मिळाल्यास तारीख बदलून मिळेल का, हे लेखी विचारून घ्या.